मागचा भात

पूर्वी मोठ्या रेल्वे स्टेशनांवर वजनाचं एक यंत्र असायचं. माणसाहून उंच, लाल-हिरवे दिवे लुकलुकणारं, काचेमागे रंगीत चकती गरगरणारं. पायाखालची फळी किंचित दबायची, चकती थांबेपर्यंत दम धरायचा, मग नाणं टाकायचं. आत कुठेतरी खटका पडायचा आणि खालच्या खाचेत पुठ्ठ्याचं जाड तिकीट येऊन पडायचं. एका बाजूला सिनेनटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला वजन आणि दोन ओळींचं भविष्य. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना आपलं वजन कळायचं ते असं, मिरजेला गाडी बदलताना, वर्षातून एखाद्या वेळी. वजनाकडे फारसं कुणी पाहत नसे. भविष्य मात्र मोठ्याने वाचलं जाई, आणि तुम्ही मनाने उदार आहात अशा थाटाचं ते भविष्य आमच्या कंजूष काकांनाही तंतोतंत पटत असे.

बाकीचं वर्षभर ही खबर ठेवणारी माणसं वेगळी होती. कासार हाताची मूठ दाबून पाहायचा आणि ‘ताई, दोन-चार नाही, आता दोन-सहा’ म्हणत पलीकडची चळत ओढायचा. बाईला त्यातून जे समजायचं ते समजायचं. शिंपी ब्लाउजच्या दोन्ही कुशींना बोटभर माया ठेवायचा. बाळंतपणानंतर एक शिवण उसवायची. पोर अंगावरून सुटलं, बाई पुन्हा कामाच्या रगाड्यात सापडली की तीच शिवण परत मारायची. जुन्या ब्लाउजच्या आतल्या अंगाला अशा उसवलेल्या शिवणींचे फिकट माग दिसत. नाडीचं तसं नव्हतं. परकराची काय, लेंग्याची काय, नाडी सगळ्यांचं ऐकून घेते. आताचं इलॅस्टिक तर त्याहून भिडस्त. माझ्या पाहण्यात वजनाच्या बाबतीत गाफील राहिलेली बरीच माणसं इलॅस्टिकवाली आहेत.

हे सगळं आठवायला निमित्त झालं माझ्या भाच्याचं. हिंजवडीला नोकरी, मित्रांबरोबर फ्लॅट. मधे त्या फ्लॅटचं काही काम निघालं म्हणून तो आमच्याकडे राहायला आला. कपड्यांच्या बॅगेबरोबर त्याने एक तळहाताएवढा डिजिटल काटा आणला होता. पहिल्याच रात्री मी तव्यावरची भाकरी त्याच्या ताटात टाकायला गेले, तर म्हणाला, ‘‘मावशी, थांब, आधी यावर ठेव.’’

काट्यावर ताटली, ताटलीत भाकरी. भाकरीचा पापुद्रा फुगलेला, कडेला एक बारीक भेग, तिच्यातून वाफ निघत होती. वाफ निघत होती म्हणून आकडा स्थिर होईना. एक ग्रॅम खाली आला, मग आणखी एक. तो वाकून पाहत होता, मी उलथनं हातात धरून उभी. भाकरी निवून गेली. मग पिठल्याची पाळी. बेसन किती? डोळ्यांनी घेतलं. तेल किती? पळीभर. पळी केवढी? मी पळी दाखवली. फोनमधल्या ॲपमध्ये पिठल्याचे तीन प्रकार सापडले आणि तिघांचे आकडे तीन. त्याने बराच विचार करून मधला घेतला.

मला हसू आलं, पण मी हसले नाही. त्याच्या वडिलांना चाळिशीतच मधुमेह लागला. त्या काट्यामागे भीती होती, आणि ती खोटी नव्हती.

अन्न असं आकड्यांत मोजायचं शास्त्र सव्वाशे वर्षांचं आहे. विल्बर ॲटवॉटर नावाचा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९०च्या दशकात एक बंदिस्त खोली बांधली. आत माणूस दिवसच्या दिवस राहायचा, जेवायचा, झोपायचा, आणि त्याच्या अंगातून निघणारी उष्णता बाहेर मोजली जायची. ग्रॅमभर प्रथिनाला चार कॅलरी, पिष्टाला आणि साखरेला चार, तेलातुपाला नऊ, हा हिशेब त्याच्याच कामातून आला आणि आजही पाकिटांवर तोच छापला जातो. पुढे १९१८ साली ल्यूलू हंट पीटर्स या कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरीणबाईंनी पुस्तक लिहून तो प्रयोगशाळेतून घरात आणला. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरींचा पाव म्हणा, असं त्या सांगत. पुस्तक धडाक्याने खपलं. माझ्या भाच्याच्या फोनमध्ये आज बोलतात त्या याच बाई.

पण हा आकडा दिसतो तेवढा ठाम नाही. बदामाचंच घ्या. प्रचलित हिशेबाने २८ ग्रॅम बदामात १७० च्या आसपास कॅलरी धरतात. अमेरिकेच्या शेती खात्यातल्या शास्त्रज्ञांनी लोकांना प्रत्यक्ष बदाम खाऊ घालून मोजलं (निष्कर्ष २०१२ साली छापले गेले), तेव्हा अंगी लागल्या त्या १२९ च निघाल्या. बदामाच्या पेशींच्या भिंती दातांनी पुरत्या फुटत नाहीत, त्यामुळे काही तेल आतल्या आत अडकून तसंच बाहेर पडतं. शिवाय त्या देशात पाकिटातल्या कॅलरी छापल्यापेक्षा वीस टक्क्यांपर्यंत जास्त निघाल्या तरी कायद्याला चालतात. कारखान्यात यंत्राने बनलेल्या बिस्किटाची ही कथा, तर आमच्या पळीभर तेलाची काय असेल?

याच्या उलट शरीराचा हिशेब बघा. एक माणूस रोज दोन हजार कॅलरी खातो असं धरू. वर्षाला झाल्या सात लाख तीस हजार. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. आता हा माणूस वर्षभरात अर्धा किलो वाढला, म्हणजे कागदावर त्याची चूक झाली ३,८५० कॅलरींची. सव्वासात लाखांच्या व्यवहारात अर्ध्या टक्क्याची. रोजची अर्धा चमचा साखर. वीस टक्के सैल असलेल्या मापाने अर्ध्या टक्क्याची चूक कशी पकडणार? आणि तरीही जगात असंख्य माणसं अशी आहेत की ज्यांनी जन्मात काही मोजलं नाही आणि ज्यांचा लग्नातला कोट साठीतही अंगाला होतो. म्हणजे आत कुणीतरी मुनीम बसलेला आहे आणि तो वही न उघडता जमाखर्च जुळवतो आहे.

त्या मुनिमाचा ठावठिकाणा बऱ्याच उशिरा लागला. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी लेप्टिनचं जनुक शोधलं. हे संप्रेरक चरबी स्वतःच बनवते आणि साठा किती आहे याची वर्दी मेंदूला देते. चरबी म्हणजे अंगावर नुसती लटकलेली निरुपयोगी वस्तू, या समजुतीला त्या दिवशी धक्का बसला. मग १९९९ साली जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांना घ्रेलिन सापडलं. ते रिकाम्या जठरातून निघतं आणि भूक लागल्याचं कळवतं. अशी आणखी बरीच आहेत. त्यांच्या निरोपांना वेळ लागतो, हे मात्र खरं. पोट भरल्याची बातमी वर पोचेपर्यंत घास चालूच असतात.

हा मुनीम फसतो कधी? अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकाने एका अभ्यासासाठी वीस जणांना महिनाभर एका रुग्णालयात ठेवून घेतलं; तो अभ्यास २०१९ साली छापून आला. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, पाकिटबंद, अतिप्रक्रिया केलेलं अन्न. दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत साखर, चरबी, मीठ, चोथा यांचं प्रमाण जुळवलेलं होतं. खायचं मन मानेल तेवढं, मोजायचं काही नाही. पाकिटातल्या अन्नाच्या दिवसांत तीच माणसं रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाऊन गेली आणि जवळपास किलोभर वाढली. साध्या अन्नावर आल्यावर तेवढीच उतरली. पाकिटातलं अन्न त्यांनी खाल्लंही भरभर.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या वाड्यातलं स्वयंपाकघर आठवलं. तिथे भरभर काही होतच नसे. पाटावर बसायचं. ताटात आधी मीठ, मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, सगळं डाव्या अंगाला, बोटभर. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी. समोर भाताची लहानशी मूद, वर पिवळं वरण, त्यावर तुपाची धार. हा पहिला भात. मग पोळी किंवा भाकरी. मधे कुणाला हवा असला तर आमटीभात. पुढचं वाढायला आजी येईपर्यंत थांबावं लागे, कारण ती एकटी आणि पानं दहा. त्या थांबण्यात गप्पा होत, खोड्या होत, पाण्याचे घोट होत, आणि आतली बातमी वर पोचायला हवा असलेला वेळ आपसूक मिळून जाई. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात किती खावं याविषयी मात्राशितीय नावाचा अख्खा अध्याय आहे. पोटाचे चार भाग कल्पावे, दोन अन्नाला, एक पाण्याला द्यावा आणि चौथा वायूसाठी मोकळा सोडावा, असं त्यात सांगितलंय. आजीने वाग्भट वाचला नव्हता. दोन घासांची भूक ठेवून उठावं, एवढंच ती म्हणायची.

आणि सगळ्यात शेवटी मागचा भात. पांढरा, मऊ, थोडासा गार झालेला. त्यात बोटांनी आळं करायचं, आजी वरून ताक ओतायची. ताक सकाळी घुसळलेलं, त्यावर लोण्याचा एखादा चुकार कण. मिठाची चिमूट, ताटाच्या कडेला राहिलेली लोणच्याची फोड किंवा तळलेली सांडगी मिरची. भात कालवताना ताक बोटांच्या फटींतून मनगटाकडे धावायचं आणि ते चाटल्याबद्दल धपाटा बसायचा. या भाताला चव अशी सांगण्यासारखी नाही. आंबूस, खारट, गार. पण तो जिभेवरचं तिखट, गोड, तेलकट सगळं धुऊन टाकायचा. त्यानंतर पुरणपोळीही नको वाटे. ताक वाढलं म्हणजे जेवण संपलं, हे लहान पोरालाही कळे. हात धुवायचे, बडीशेप चघळायची. आजी दूध तापवून कोमट करी, त्यात विरजण लावी, झाकण घाली, चूल सारवी. स्वयंपाकघराचा दिवा मालवला की सकाळपर्यंत तिथे कुणाला काही काम नसे.

आमच्या आजच्या खाण्याला मागचा भात नाही. मला वाटतं, खोट आहे ती इथे. वेफर्सच्या पाकिटाला शेवट असतो तो फक्त त्याच्या तळाशी. मालिका बघत खाल्लेल्या शेंगदाण्यांना तोही नसतो. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने फ्रीज उघडून उगीच उभं राहायचं, काहीतरी गोड हवंय असं वाटायचं, चहाबरोबर दोन खारी, खारी संपली म्हणून आणखी अर्धा कप. यातलं काहीच जेवण नाही, म्हणून काहीच मोजलं जात नाही, आणि मोजायला घेतलं तरी हातून निसटतं. चहाचं तेवढं मी एकदा करून पाहिलं. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे चाळीस ग्रॅमच्या आसपास. वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर बरं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे. असा हिशेब आयुष्यात एकदा करावा, चमचा लहान करावा आणि विसरून जावा.

जेवणाला होता तसा वर्षालाही आकार होता. गुळपोळी संक्रांतीला, पुरणपोळी होळीला. आमरस अक्षय्य तृतीयेपासून, आणि मिरगाचा पाऊस पडला की आंब्याचं नाव काढायचं नाही. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी, थालीपिठं पोटभर खाऊन घ्यायची आणि चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी बंद; ती थेट चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानंतर. चकली दिवाळीची. तिचा डबा उंच फळीवर, आणि तो रिकामा झाला की पुढच्या आश्विनापर्यंत चकली या वस्तूचा विचारही करायचा नाही. आता कोपऱ्यावरच्या दुकानात बाराही महिने चकली, मे महिन्यात गुळपोळी, डिसेंबरात डब्यातला आमरस. पंचांग सांभाळत होतं ते काम आता एकट्या जिभेवर येऊन पडलंय, आणि तिला त्याची सवय नाही.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण त्याच स्वयंपाकघरातली. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर केळं. असल्या उपासाने वजन उतरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. आजी मागून जेवायची तेव्हा तिच्या वाट्याला कधी भाजी नसे आणि कधी सगळ्यांच्या ताटांतलं उरलंसुरलं असे, कारण अन्न टाकवत नाही. आजही कितीतरी आया पोरांच्या डब्यातला अर्धा पराठा ओट्याशी उभ्याने संपवतात. तो कुठल्याच ॲपमध्ये जात नाही. आणि आमच्या मागच्या पिढ्या सडपातळ होत्या, त्यात संयम किती आणि टंचाई किती, हेही विचारायला हवं. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून सुकडी खाल्ली, रेशनवरचा लाल मिलो खाल्ला. त्या काटकुळेपणाचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

त्या उपाशीपणाची खूण अजून आपल्या अंगात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीनची. आपली बाळं हडकुळी खरी, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. याच याज्ञिकांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापून आला. शेजारी शेजारी उभे दोन डॉक्टर, दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. खालच्या मजकुरात लिहिलं होतं की एक जण मॅरेथॉन पळतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. स्वतःवर हसत केवढी मोठी गोष्ट सांगितली माणसाने! काटा ज्याला ठीक म्हणतो तो मराठी माणूस आतून ठीक असेलच असं नाही. म्हणून आपल्याकडे वजनापेक्षा पोटाचा घेर पाहावा. बेंबीच्या जरा वर टेप धरायची, श्वास सोडायचा. बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा, पुरुषाचा ९०.

मग काटा फेकून द्यायचा का? नाही. अमेरिकेत १९९४ साली एक नोंदवही सुरू झाली. कमीत कमी साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या माणसांची. उतरवणारे पुष्कळ असतात, टिकवणारे थोडे. म्हणून ही वही मोलाची. त्यातली पंचाहत्तर टक्के माणसं आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. बहुतेक जण रोज तासभर काहीतरी अंगमेहनत करतात, जास्त करून चालतात. टीव्ही कमी बघतात. मला यातलं साप्ताहिक वजन पटलं. भाकरी तोलण्यापेक्षा ती खाणारा तोलणं सोपं, आणि त्याला वाफ येत नाही. रविवारी सकाळी, चहाच्या आधी, एकदा. दोन किलो वर गेले तर कासाराने सांगितलं असं समजायचं आणि मधल्या वेळचं खाणं काय चाललंय ते बघायचं. घराचं म्हणाल तर वाण्याच्या यादीत तेलाचा डबा किती दिवसांनी येतो, एवढ्यावर मी नजर ठेवते. घरात माणसं तितकीच आणि डबा आठवडाभर आधी संपला, तर कढई जास्त वेळा चढली असणार.

ज्यांना जेवणाआधी इन्शुलिन टोचून घ्यावं लागतं, त्यांना मात्र ताटातलं पिष्ट मोजावंच लागतं. त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं, ललित निबंधाचं नाही. माझा भाचा त्यांच्यातला नाही. तो आता भाकरी तोलत नाही, रविवारचं वजन तेवढं कळवतो. संध्याकाळी तळजाईची टेकडी चढून येतो आणि फ्लॅटवर गेल्यापासून ताक विकत आणतो. आणि तरीही त्याचं वजन वाढतं. लग्नसराईत.

कारण आपल्याकडे माणसाला स्वतःच्या पोटाचं ऐकूच दिलं जात नाही. पंगतीत पान वाढलंय, जिलबी-मठ्ठा चाललाय, माणूस मनापासून ‘पुरे’ म्हणतोय, दोन्ही हात ताटावर आडवे धरून ओणवा झालाय, आणि वाढपी बोटांच्या फटीतून नेमकी जिलबी मठ्ठ्यात पाडतोय. यजमानीणबाई मागे उभ्या: ‘‘माझ्या हातची एक.’’ मग विहीणबाईंच्या हातची एक. मग ‘एवढ्याशाने काय होतंय’ची एक. नको म्हणणारा शिष्ट ठरतो, खाणारा दिलदार, आणि जिलब्यांच्या पैजा मारणाऱ्याच्या गोष्टी दोन पिढ्या सांगितल्या जातात. लहान मुलांचं तर विचारूच नका. पोर तोंड मिटून मान फिरवतं, म्हणजे त्याचं पोट भरलेलं असतं, तरी काऊचा घास आणि चिऊचा घास त्याच्या तोंडात जातोच.

तेव्हा एक विनंती आहे, यजमानांना आणि विशेषतः माझ्या वयाच्या सगळ्या मावश्या-आत्यांना. पाहुण्याला एकदा विचारा. ‘नको’ म्हणाला तर खरं माना, दुसऱ्यांदा विचारू नका, आणि ताक घेऊन या.